खिडकी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, त्याची हकीकत

सिंदी मेघे, वर्धा
दिनांक १९ मे २००८, सोमवार

श्रीयुत मधुकरराव साडूभाऊ, मुक्काम नाचणगाव (पुलगावजवळ), यांस,

रूपरावाचा नमस्कार पोहोचावा. (आपण वयाने माझ्याहून धाकटे आहात, परंतु थोरल्या बहिणीचे यजमान या नात्याने थोर आहात, सबब हा नमस्कार मध्यम उंचीवरून केलेला आहे. त्याचा योग्य तो अर्थ घ्यावा.) येथे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी, कारण सध्या या घरात दुसरे कोणी नाही. आपले गुडघे कसे आहेत? वैद्याचे तेल चालू ठेवले, की नेहमीप्रमाणे आठवडाभर लावून बाटली कोनाड्यात ठेवली? सौ. कुंताबाईंचा रक्तदाब उतरला असावा अशी आशा आहे. आपल्या मळ्यातील गवार यंदा उत्तम आल्याचे ऐकतो. पाण्याची पातळी खाली गेली असल्यास भेंडीस पाणी एक दिवसाआड द्यावे. (मी जन्मभर किराणा विकला, भाजी पिकविली नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो.)

पत्र लिहिण्याचे कारण असे की, आमचे कुटुंब अक्षय तृतीया आटोपल्यापासून आपल्या घरी वास्तव्यास आहे. मी दूरध्वनीवरून चौकशी करण्याचा यत्न केला. प्रत्येक वेळी सौ. कुंताबाईंनीच फोन उचलला आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले : "वच्छला झोपली हाय, भाऊजी." सकाळी केला तरी झोपली, दिवेलागणीस केला तरी झोपली. एवढी झोप आमच्या कुटुंबास लग्न झाल्यापासून कधी लागलेली मला आठवत नाही. शिवाय काल फोनवर हे उत्तर मिळत असतानाच मागे कोणीतरी आपल्या गड्यास भेंडीच्या तोडणीवरून फैलावर घेत होते आणि तो आवाज माझ्या चांगला परिचयाचा होता. झोपेत बोलण्याची सवय नव्याने लागली असल्यास कळवावे. तोंडचे बोलणे हवेवर जाते, लिहिलेले राहते, म्हणून हा कागद हाती घेतला आहे. मृग लागण्यापूर्वी आमच्या कुटुंबाने स्वगृही परत यावे, आणि तेही आमच्या खिडक्यांची बदनामी न करता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्या कानावर आजवर एकच बाजू गेली असणार. दुसरी बाजू न ऐकता निकाल देणे आपल्यासारख्या माजी उपसरपंचास शोभणार नाही.

तर हकीकत अशी. चि. योगेंद्र बंगलोरास मोठ्या हुद्द्यावर आहे हे आपण जाणताच. त्याने आम्हा उभयतांसाठी सिंदी मेघे येथे हे घर बांधविले. नालवाडीचे आमचे भाड्याचे घर टिनाचे होते, आणि त्यात हवा येण्यासाठी खिडकी उघडण्याची गरज नसे. भिंतच पुरेशी उघडी होती. नवीन घराचे सर्व काम कंत्राटदाराकडे होते. परंतु दारे आणि खिडक्या यांची खरेदी योगेंद्राने विश्वासाने माझ्यावर सोपविली. फोनवर म्हणाला, बाबा, डिझाइन पाहून घेऊ नका, लेबल पाहून घ्या. सोबत संगणकावरून उतरविलेली काही पाने त्याने टपालाने पाठविली. ती इंग्रजीत होती. मी ती शेजारच्या रुख्माबाईंच्या नातवाकडून वाचून घेतली नाहीत, कारण परक्या मुलाकडून आपल्या घराची माहिती समजून घेणे मला प्रशस्त वाटले नाही. मी सरळ नागपूरला गेलो.

नागपूरच्या त्या दुकानात (नाव लिहीत नाही, उगाच त्यांचे गिऱ्हाईक तुटावयास नको) एक कंठलंगोट लावलेला तरुण होता. त्याने मला थंडगार खोलीत बसवून प्रत्येक खिडकीवरचे लेबल दाखविले. आता हे लेबल म्हणजे काय, ते आपणास समजावून सांगतो, कारण नाचणगावात ही विद्या अद्याप पोहोचली नसावी. शाळेत जसे मुलाचे गुणपत्रक, तसे हे खिडकीचे गुणपत्रक. त्यावर चार विषय असतात. पहिला विषय असा की, बाहेरची उष्णता काचेतून व चौकटीतून किती वेगाने आत पाझरते. दुसरा विषय उन्हाचा : सूर्याने उन्हाची शंभर पोती दारात आणून टाकली, तर त्यांपैकी किती पोती ही काच आत घेते. तिसरा विषय उजेडाचा. आणि चौथा विषय गळतीचा, म्हणजे खिडकी बंद असताना फटीफटीतून किती हवा ये-जा करते. दारांचेही असेच गुणपत्रक असते. इतपत सर्व सोपे आहे. मेख अशी की, उजेडाचा आकडा जितका मोठा तितका चांगला, आणि बाकीचे तीन जितके लहान तितके चांगले. ज्या परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळविणारा पहिला येतो, अशी परीक्षा मी आयुष्यात प्रथमच पाहिली. (योगेंद्राच्या शालेय जीवनात ही पद्धत असती, तर आमच्या घरात बराच आनंद झाला असता.) पुष्कळ शिकलेली माणसे या ठिकाणी घसरतात आणि मोठा आकडा पाहून भुलतात, असे तो तरुणच म्हणाला. मी घसरलो नाही. मी जुन्या मध्यप्रांतातील चौथी उत्तीर्ण आहे. एकदाच ऐकून मी त्याला चारही विषय उलट म्हणून दाखविले, तेव्हा त्याने मला चहा पाजला.

मग मी दुकानातील सर्व लेबले डोळ्यांखालून घातली. उघडझाप करणाऱ्या ज्या खिडक्या होत्या, त्यांचे चौथ्या विषयातील गुण मला पसंत पडले नाहीत. उघडते ते कुठेतरी फटीत गळणारच. तुपाचा डबा आणि गोडेतेलाचा पिंप यांच्या बाबतीत मी जन्मभर गळती सहन केली नाही, ती घराच्या बाबतीत का करावी? शेवटी एक खिडकी सापडली. दुहेरी काच, मध्ये कोंडलेली हवा, आणि गळती जवळजवळ शून्य. कारण ती उघडतच नव्हती. चौकटीत पक्की बसविलेली. चारही विषयांत पहिला वर्ग! तरुणाने एवढेच विचारले की, काका, घरात एसी लावणार ना? मी म्हणालो, पुढचे पुढे पाहू. त्याने पुन्हा विचारले नाही. विक्रेत्याने दोनदा विचारू नये हा नियम मीही दुकानात पाळत असे, त्यामुळे मला त्याचे कौतुकच वाटले. मी सर्व खिडक्या त्याच घेतल्या आणि पुढचे दारही त्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले घेतले.

गुढीपाडव्यास वास्तुपूजन झाले. आपण गुडघ्यांमुळे येऊ शकला नाहीत, ते एका अर्थी बरे झाले असे मी म्हणणार नाही, परंतु इतर काही जण तसे म्हणाले. दिवाणखान्यात होम पेटला. गुरुजींनी दोन-चार आहुत्या टाकल्या आणि धूर वर गेला. वर जाऊन तो थांबला, कारण त्यास दुसरा मार्ग नव्हता. मग तो खाली आला. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता खोकू लागले आणि म्हणाले, "यजमान, एखादी खिडकी उघडा." मी नम्रपणे सांगितले की, ही उघडत नाही, हाच तिचा गुण आहे. पुढच्या आहुत्या त्यांनी डोळे मिटून टाकल्या, त्यांतील एक माझ्या उपरण्यावर पडली. पाहुणे एकेक करून बाहेर मांडवात गेले. धुरातून आमच्या कुटुंबाचा आवाज आला (व्यक्ती दिसत नव्हती) : "अवो, ते लेबल वाचून राह्यले का मनातल्या मनात? दार तरी उघडा नं!" मी दार उघडले. परंतु त्याआधी मी उपस्थितांच्या लक्षात आणून दिले की, एवढा धूर होऊनही बाहेरच्या मांडवात त्याचा वासही नव्हता. कंपनीने छापलेला आकडा खरा असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? यावर उपस्थित फक्त खोकले. बोलण्याच्या स्थितीत फार थोडे होते.

यानंतर उन्हाळा तापू लागला. वर्ध्याचा उन्हाळा मी आपणास सांगावा असे नाही. कुलरवाला तानबा दरवर्षीप्रमाणे वाळ्याच्या ताट्या बदलून आमचा जुना कुलर हातगाडीवर घेऊन आला आणि घराभोवती प्रदक्षिणा घालू लागला. मी विचारले, काय शोधतोस? म्हणाला, "बाबूजी, कुलर बसवाची खिडकी कोनती?" मी सांगितले की, खिडक्या सगळ्या बंद जातीच्या आहेत, कुलर आत ठेव. "आत ठेवलं तं हवा जाईन कोठी?" हा त्याचा प्रश्न मला फारच अडाणीपणाचा वाटला. हवा कोठेही जाऊ नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केला होता. तानबाने मान हलविली, कुलर दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवला, पाणी भरले, आणि जाताना आमच्या कुटुंबास म्हणाला, "बाई, टॉवेल जवळ ठेवजा." कुलरवाल्याने टॉवेलचा सल्ला का द्यावा, हे मला त्या वेळी उमगले नाही.

मधुकरराव, कुलर बाहेरची कोरडी हवा घेतो, ओली करतो, आणि खोलीतील जुनी हवा समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलतो, हे आपल्या मुलुखात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. परंतु लेबलावर कुलरचा विषयच नव्हता. ज्या देशात हे गुणपत्रक तयार झाले, तेथे बहुधा कुलर नसावा आणि वर्धाही नसावे. आमचा कुलर एकच हवा पुन्हा पुन्हा ओली करीत राहिला. संध्याकाळपर्यंत भिंतींना घाम आला. मीठ बरणीत पातळ झाले. कुटुंबाने चैत्रात गच्चीवर वाळवून डब्यात भरलेले पापड, सांडगे आणि कुरड्या पुन्हा मऊ होऊन मूळ पिठाच्या स्थितीस परत जाऊ लागल्या. (याबद्दल त्यांनी जे उद्गार काढले ते मी लिहीत नाही. आपणास ते थेट मूळ मुखातून ऐकावयास मिळाले असतीलच.) मी कुलर बंद केला. त्यानंतर भारनियमनाने पंखाही बंद केला. आणि मग वरचा स्लॅब, जो दिवसभर उन्हात भाजत होता, त्याने आपली सर्व उष्णता घरात उतरविण्यास प्रारंभ केला. खिडक्यांनी इमानदारीने काम केले. त्यांनी बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही, त्याचप्रमाणे आतलीही बाहेर जाऊ दिली नाही. थर्मासमध्ये चहा गरमच राहतो, हा काही थर्मासचा दोष नव्हे.

हा थर्मासचा दाखला मी त्या वेळी आमच्या कुटुंबास दिला. तो द्यावयास नको होता असे आता वाटते. "मी का चाय हाओ?" असा सवाल आला. मग, "मी का लोनचं हाओ, बरनीत घालून झाकन लावाले? त्या आकड्याले हात लावून पाहा एकदा. गार लागते का तो?" मी शांतपणे सांगितले की, आकडा हात लावून पाहण्याची वस्तू नव्हे. त्यावर त्यांनी पदराने वारा घेत मला विचारले की, इतके हुशार आहात तर एसी का घेत नाही. मी म्हणालो की, वीजच नसते तर एसी काय करील? "वीज नाई, कुलर नाई, खिडकी नाई. मंग हाय तरी काय या घरात?"

आता मुख्य प्रसंग, ज्याबद्दल आपल्या घरी माझ्याविरुद्ध मत झाले असावे. त्या दिवशी आमचे कुटुंब उन्हाचे बाजारातून भाजी घेऊन परत आले. मी दिवाणखान्यात आडवा झालो होतो. पुढचे दार ओढले की आपोआप कुलूप लागते, असे ते उत्तम दार आहे. भारनियमन असल्याने घंटी वाजली नाही. त्यांनी दार ठोठावले. परंतु ज्या दारातून हवा जात नाही, त्यातून आवाज तरी काय म्हणून जावा? मग त्या खिडकीपाशी आल्या. आमच्या काचेचा आणखी एक गुण सांगावयाचा राहिला. दिवसा ती बाहेरून आरशासारखी दिसते, आतून मात्र स्वच्छ दिसते. (रस्त्याने जाणारे लोक तिच्यात भांग पाडतात. एका रेड्याने स्वतःस प्रतिस्पर्धी समजून चौकटीस धडकही दिली. काचेस तडा गेला नाही, हे नमूद करतो.) मला जाग आली तेव्हा मी पाहिले की, कुटुंब खिडकीबाहेर उभे आहे, हातवारे करीत आहे आणि तोंड हलत आहे. आवाज काहीच नाही. मला वाटले, रुख्माबाईंकडे जाऊन येते असे सांगत आहेत. मी अत्यंत सभ्यपणे हात उंच करून, जाऊन या, अशी खूण केली आणि कूस बदलली. पुढे रुख्माबाईंकडून कळले की, त्याच क्षणी त्या दोन्ही हातांची ओंजळ करून, काचेस नाक लावून आत डोकावत होत्या. एवढे जवळ गेल्यास त्या काचेतून आतले दिसते, ही माहिती लेबलावर नव्हती.

त्या तेथूनच भाजीच्या पिशवीसह पुलगावच्या बसमध्ये बसल्या.

या घटनेत माझा दोष कोणता, हे आपणच तटस्थपणे सांगावे. मी जा म्हटले, हे खरे. परंतु जावयाचे कोठे, हे मी सांगितले नव्हते. आता येथे माझे सर्व सुरळीत चालले आहे. स्वयंपाक मी स्वतः करतो. वरण दाट होते, त्यात पाणी घालतो. मग ते फार पातळ होते, तेव्हा डाळ घालतो. असे एक दिवसाचे वरण दोन दिवसांवर जाते. घरात उजेड उत्तम असतो. (हे पत्र मात्र मी बाहेर ओट्यावर लिंबाखाली बसून लिहीत आहे, कारण आत कागदावर घामाचे थेंब पडून अक्षर फुटते. झोपावयास गच्चीवर जातो. स्नान आणि स्वयंपाक वगळता आत जाण्याचे प्रयोजनही नसते.) रुख्माबाई काल कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, एवढं मोठं घर हाय, अन् तुमी काऊन बाहीर बसून राह्यले?" मी म्हणालो, घरावर नजर ठेवण्यास बाहेरूनच सोयीचे पडते.

एकंदरीत खिडक्यांविषयी माझे मत पूर्वीचेच आहे. त्या सर्व विषयांत उत्तीर्ण आहेत. परीक्षा कोणत्या गावची होती, हा निराळा मुद्दा. आमच्या कुटुंबास आपल्याकडे हवापालट मानवला असेल, तर त्यांनी आपल्या सवडीने परत यावे. माझी काहीही घाई नाही. लहानांस आशीर्वाद, थोरांस यथायोग्य. जागा संपत आली म्हणून नव्हे, तर सांगण्यासारखे संपले म्हणून थांबतो.

आपला,
रूपराव

ता. क. १ — सवडीने असे वर लिहिले आहे, त्याचा अर्थ या आठवड्यात असा घ्यावा.

ता. क. २ — एक लहानसे काम आहे. आपण मला एक पत्र लिहावे. त्यात असे असावे की, 'रूपराव, आपण निवडलेल्या खिडक्या गुणांनी श्रेष्ठ आहेत यात शंका नाही, परंतु आमच्या आग्रहाखातर एक तरी खिडकी काढून तेथे कुलरची सोय करावी आणि समोरच्या भिंतीत उघडणारी खिडकी बसवावी.' मी स्वतःहून खिडकी काढणे शक्य नाही. गुढीपाडव्यास धुरात उभे राहून मी जे बोललो ते पुष्कळ लोकांनी ऐकले आहे. परंतु थोरल्या साडूंचा शब्द मोडणे आमच्या कुळात नाही. आपण नात्याने थोर आहात, हे मी प्रारंभीच मान्य केले आहे. पत्रात आग्रह हा शब्द दोनदा यावा. आणि दिनांक अक्षय तृतीयेच्या आधीचा टाकावा, म्हणजे टपालाच्या दिरंगाईमुळे ते मला उशिरा मिळाले असे म्हणता येईल. गवंडी मी उद्यासाठी सांगून ठेवला आहे.

ता. क. ३ — पत्र पेटीत टाकण्यास निघालो तोच गवंडी आला. उद्या त्याच्या मेहुण्याचे लग्न आहे, असे म्हणाला. कामगार माणसास परत पाठविणे बरे दिसेना. त्याने दिवाणखान्याची खिडकी चौकटीसह काढली. पहिल्या वर्गाची असल्याने निघता निघेना, हेही येथे नोंदवितो. ती आता ओट्यावर भिंतीस टेकून उभी आहे आणि येणारेजाणारे अजूनही तिच्यात भांग पाडतात. सबब आपल्या पत्राचा दिनांक आणखी थोडा मागे घ्यावा. पत्र टपालाने पाठवू नये. पुलगावहून वर्ध्यास येणाऱ्या एखाद्या विश्वासू व्यक्तीच्या हाती द्यावे. कोणती व्यक्ती, हे आपणास सांगणे न लगे.

ता. क. ४ — खिडकीच्या जागी सध्या नुसते भगदाड आहे. तानबा आतला कुलर बाहेर ओढून दारात उभा आहे आणि, "बाबूजी, बसवू का?" असे विचारीत आहे. मी त्याला बसवू दिलेला नाही. कुलरचे तोंड कोणीकडे असावे, वारा कोणाच्या खाटेवर यावा आणि पाण्याची नळी कोठून आणावी, या बाबी चौथी उत्तीर्ण माणसाच्या नाहीत. ते ठरविणारी व्यक्ती येईपर्यंत कुलर बाहेरच राहील, असे मी त्यास बजाविले आहे. आज वर्ध्यात ऊन फार आहे. (बाकी पत्र वाचून दाखविले नाही तरी चालेल. एवढे मात्र आमच्या कुटुंबास वाचून दाखवावे, झोपल्या असल्यास उठवून.)